घोडा कोणताही जिंको

‘नवऱ्याचं नशीबच फुटकं, त्याला कोण काय करणार?’ किंवा ‘तसा हुशार आहे हो, पण अजून हात बसला नाही.’ रेसच्या नादापायी घर धुऊन निघालेल्या बायका आमच्याकडे येतात तेव्हा या दोनांपैकी एक वाक्य ठरलेलं असतं. पहिल्यात दोष नशिबाचा, दुसऱ्यात सरावाचा. ही वाक्यं त्यांची स्वतःची नाहीत. नवऱ्यानं, दिरानं, टपरीवरच्या टोळक्यानं पुन्हा पुन्हा ऐकवून ती त्यांच्या तोंडी बसवली आहेत. आणि दोन्ही खोटी आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावण्याची ‘टोट’ नावाची जी पद्धत आहे, तिच्यात पैसे लावणाऱ्या सगळ्यांनी मिळून हरायचं हे शर्यत सुटण्याआधीच ठरलेलं असतं. किती हरायचं, तेही ठरलेलं असतं. घोडा कोणताही जिंको, जॉकी कितीही कसबी असो, त्या आकड्यात फरक पडत नाही. आणि ही हार ज्या घरांच्या डब्यातून भरून निघते, त्या घरातल्या बाईला या सगळ्या व्यवहारात कुणी एका शब्दानं विचारत नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, फलटणला कुठं रेसकोर्स आहे? खरं आहे. आमच्याकडे घोडा धावतो तो माउलींच्या पालखीबरोबर, तालुक्यातल्या चांदोबाच्या लिंबाजवळ, उभ्या रिंगणात. तो धावून गेला की बायका त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या दौडीत कुणी हरत नाही. पैशांची दौड चालते पुण्याला आणि मुंबईला महालक्ष्मीला. पण पुणं इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. आमच्या तालुक्यातली निम्मी तरणी पोरं पोटासाठी तिकडेच, आणि राहिलेल्यांच्या खिशात मोबाईल. रेसचा नाद एस.टी.नंही येतो आणि फोनवरूनही येतो. मैदान कुठंही असो, पैसे उसाच्या बिलातले असतात.

भांड्याचा हिशेब

रेसवर पैसे लावण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिली बुकीची. बुकी भाव बोलतो: या घोड्याला एकास तीन, त्याला एकास दहा. तुम्ही लावलं त्या क्षणी भाव पक्का झाला. पैज तुमची आणि बुकीची.

दुसरी पद्धत टोटाची. ही १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर नावाच्या माणसानं सुरू केली. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थच ‘आपापसांतली पैज’ असा आहे. तिचा हिशेब करणारं यंत्र १९१३ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या रेसकोर्सवर पहिल्यांदा बसवलं गेलं. आता ते काम संगणक करतो. पण भांडं तेच.

या पद्धतीत क्लब तुमच्याविरुद्ध पैज लावतच नाही. कोणता घोडा जिंकावा याच्याशी क्लबला काही देणंघेणं नसतं. अमुक घोडा पहिला येईल म्हणून लोकांनी लावलेले सगळे पैसे एका भांड्यात जमा होतात. पहिल्या दोन-तीनांत येईल म्हणून लावलेल्यांचं भांडं वेगळं, पहिले दोन घोडे ओळखण्याचं आणखी वेगळं. शर्यत सुटली की खिडकी बंद. मग भांड्यातून आधी कपात काढून घेतली जाते आणि उरलेलं जिंकणाऱ्या घोड्याच्या तिकिटांवर सारखं वाटलं जातं. भाग जाताना उरणारे सुटे पैसेही बहुतेक ठिकाणी लावणाऱ्याला मिळत नाहीत, वाटणी खालच्या पूर्ण आकड्यावर आणली जाते.

आता हेच आकड्यांत पाहू. समजा सहा घोडे आहेत आणि भांड्यात १,००,००० रुपये जमले. पहिल्या घोड्यावर ४०,०००, दुसऱ्यावर २५,०००, तिसऱ्यावर १५,०००, चौथ्यावर १०,०००, पाचव्यावर ६,००० आणि सहाव्यावर ४,०००. समजण्यासाठी कपात २० टक्के धरू. वाटायला राहिले ८०,०००.

पहिला घोडा आला तर ८०,००० रुपये ४०,००० रुपयांच्या तिकिटांवर वाटायचे, म्हणजे दहाच्या तिकिटाला २०. चौथा आला तर दहाला ८०. सहावा आला तर दहाला २००. लोक याच आकड्यांकडे बघतात. दहाचे दोनशे झाले म्हणून गावभर सांगतात. तुम्ही मात्र दुसऱ्या आकड्याकडे बघा. पहिला आला, कपात २०,०००. चौथा आला, कपात २०,०००. सहावा आला, तरी कपात २०,०००. सगळ्यांच्या भरवशाच्या घोड्यावर लावलं तर वाटणी कमी मिळते, कारण वाटेकरी जास्त. कुणी न विचारलेल्यावर लावलं तर वाटणी मोठी, पण तो घोडा येतो क्वचित. या सगळ्या चढउतारात एकच आकडा जागचा हलत नाही, तो कपातीचा.

एवढ्यावर थांबत नाही. वर सरकारचा कर आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा रेसवर २८ टक्के बसला, आणि तोही क्लबच्या कमिशनवर नव्हे, लावलेल्या पूर्ण रकमेवर. २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयानं तो फक्त कमिशनवर असावा असं म्हटलं. मग १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात दुरुस्ती होऊन पूर्ण रकमेवरचा कर पक्का झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. याशिवाय एका वेळी दहा हजारांच्या वर जिंकलं तर ३० टक्के प्राप्तिकर आधीच कापून हातात येतं, आणि आजवर हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. क्लब म्हणतात, एवढ्या करानं गिऱ्हाईक चोरट्या बुकीकडे पळतं. सरकार म्हणतं, व्यसनावर कर असलाच पाहिजे. दोघांचं भांडण आहे ते भांड्यातला कुणाचा वाटा किती यावर. भांड्यात पैसे कुठून आले, हा प्रश्न दोघांपैकी एकानंही विचारलेला नाही.

आमच्या गटांच्या बैठकीत मी हे शेंगदाण्यांवर दाखवते. तुम्हीही करून पाहा. वीस बायका, प्रत्येकीला पंचवीस दाणे, म्हणजे एकूण पाचशे. मध्ये परात. सहा चिठ्ठ्या म्हणजे सहा घोडे. प्रत्येकीनं आपले सगळे दाणे हव्या त्या चिठ्ठीवर लावायचे. दाणे परातीत गेले की पाचवा हिस्सा उचलून बाजूच्या डब्यात टाकायचा, मग चिठ्ठी काढायची आणि राहिलेले दाणे जिंकणारीला किंवा जिंकणाऱ्यांना वाटायचे. जिच्यावर कुणीच लावलं नाही ती चिठ्ठी निघाली तर परत काढायची. पुढच्या फेरीला जिंकणाऱ्यांनी आपल्या दाण्यांतले थोडे हरलेल्यांना उसने द्यायचे आणि सगळ्यांनी हातातले सगळे दाणे पुन्हा लावायचे. पाचशेचे चारशे होतात, मग तीनशेवीस, दोनशेछप्पन्न. सहा फेऱ्यांनंतर परातीत उरतात साधारण एकशेतीस. बाकीचे डब्यात. कुणी चोरी केली नाही, कुणी चिठ्ठी बदलली नाही, प्रत्येक फेरीत कुणी ना कुणी जिंकून खूश झाली. तरी पाचशेतले पावणेचारशे गेले. एका दुपारी सहा-सात शर्यती लागतात. दुपारी जिंकलेला नवरा संध्याकाळी मोकळ्या हातानं का येतो, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि जॅकपॉट? लागोपाठच्या पाच शर्यतींतले पाचही विजेते ओळखायचे. प्रत्येक शर्यतीत दहा घोडे धरले तर होणाऱ्या जोडण्या एक लाख. तुमच्या माणसाकडे त्यातली एक आहे. कुणालाच जमलं नाही तर पैसे पुढच्या खेळाला पुढे जातात, भांडं फुगतं आणि फुगलेल्या भांड्याचा आकडा बघून आणखी लोक येतात.

हुशारीचा खेळ?

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू. ‘हुशार आहे, हात बसला नाही.’ या वाक्याच्या पाठीशी कायदा उभा आहे म्हणून ते जास्त धोक्याचं आहे.

मुंबई इलाख्याचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. रेसकोर्सना परवाना देणारा कायदा १९१२ चा. या दोन्हींचा मेळ असा की परवाना असलेल्या मैदानाच्या ठरवून दिलेल्या आवारात, टोटावर किंवा परवानाधारक बुकीकडे घोड्यावर पैसे लावले तर तो जुगार धरला जात नाही. तेच आवाराबाहेर केलं तर जुगार. पुढे १९९६ साली के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घोड्यांच्या शर्यतीत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असतं. घोड्याचं घराणं, त्याची तालीम, जॉकीचं कसब, वजन, जमीन या सगळ्याचा अभ्यास करता येतो, म्हणून हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही.

मी न्यायालयाशी वाद घालत नाही. घोडा धावण्यात कौशल्य आहे, हे मान्य. घोड्याचा अभ्यास करता येतो, हेही मान्य. पण टोटाच्या भांड्यात हुशारी ओतली म्हणून पैसे वाढत नाहीत. समजा उद्या लावणारे सगळेच्या सगळे पंडित झाले. सगळ्यांनी घोड्यांच्या सात पिढ्या पाठ केल्या. तरी एक लाखातले वीस हजार कापलेच जाणार आणि पंडितांच्या वाट्याला ऐंशीच येणार. हुशारी एवढंच ठरवते की हरणाऱ्यांमध्ये कमी कोण हरला आणि जास्त कोण.

म्हणून जिंकून आलेल्याबद्दलही एक गोष्ट बोलली पाहिजे, ती आपण टाळतो. एखाद्या वेळी नवरा खरंच पैसे घेऊन येतो, बायकोला साडी आणतो, पोरांना पेढे आणतो. ते पैसे क्लबच्या तिजोरीतले नसतात. क्लब आपल्या खिशातून कुणालाही काही देत नाही. ते हरलेल्यांचे असतात, म्हणजे दुसऱ्या एखाद्या बाईच्या डब्यातले. तिच्या घरी त्या रात्री काय झालं असेल, ते आपल्याला माहीत आहे. टोटात एका घराची दिवाळी दुसऱ्या घराच्या शिमग्यावरच होते, आणि दोन्ही घरांतून वाटा घेणारा तिसराच असतो.

इथे वर्गाचाही प्रश्न आहे. १९६०च्या दशकात कापसाच्या भावावरच्या सट्ट्यातून मुंबईत मटका उभा राहिला. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही त्यातली गाजलेली नावं. मटका आमच्या गल्लीबोळांत पोहोचला. एका आकड्याला दहात एक संधी आणि लागला तर नऊ पट, असा त्याचा जुना भाव. म्हणजे शंभरामागे दहा मटकेवाल्याचे. तो गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. त्यानं उद्ध्वस्त केलेल्या घरांची यादी आम्हा कार्यकर्त्यांकडे आहे. पण टपरीवर धाड पडते आणि आकडा लिहिणाऱ्या पोराला उचलून नेतात, तेव्हा मला एवढंच विचारायचं असतं: शंभरामागे दहा कापणारा जुगार, आणि आवाराला कुंपण घालून, टाय लावून, त्याहून जास्त कापलं की खेळ? आमच्या घरातून गेलेल्या पैशाला असा भेद कळत नाही.

दोन भांडी

भांड्यात पैसे टाकणं बायकांना नवं नाही. आपली भिशी हेही एक भांडंच आहे. बाराजणी, महिन्याला पाचशे रुपये, महिन्याला जमणारे सहा हजार एकीला. वर्ष संपतं तेव्हा प्रत्येकीनं सहा हजार घातलेले असतात आणि प्रत्येकीला सहा हजार मिळालेले असतात. कुणाचं लग्न निघतं, कुणाच्या शेळ्या येतात. बचत गटात व्याज द्यावं लागतं, पण ते गटाच्याच पेटीत परत येतं. या भांड्यातून कुणी कपात काढत नाही. म्हणून मी म्हणते, टोटाचं गणित समजायला इंग्रजी शाळेत जावं लागत नाही. भिशी चालवणारी कुठलीही बाई ते अर्ध्या तासात समजते. शेजारच्या माण तालुक्यात म्हसवडच्या बायकांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. त्याआधी सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत केला, तेव्हा त्या बायकांचं उत्तर होतं की आम्हाला लिहिता येत नसेल, पण व्याजाचा हिशेब तोंडी करता येतो. हिशेब ही आपली ताकद आहे. रेसच्या बाबतीत ती आपण वापरलेली नाही.

न वापरल्याचा परिणाम काय होतो? एक भांडं दुसऱ्या भांड्याला गिळतं. नवरा रेसमध्ये हरतो. मग बायकोच्या नावानं गटाचं कर्ज निघतं, कागदावर कारण लिहिलेलं असतं शिलाई मशीन किंवा म्हैस. ते पैसे टोटाच्या किंवा बुकीच्या भांड्यात जातात. हप्ता थकतो. गटाची जबाबदारी सामूहिक, म्हणून बाकीच्या नऊ-दहाजणींना तो भरावा लागतो. ज्या बायकांच्या घरातल्या कुणी आयुष्यात शर्यत पाहिली नाही, त्या बायका घोड्याचा खर्च भरत बसतात. गट मोडतो. गट मोडला की जिच्या नवऱ्यापायी मोडला तिलाच वाळीत टाकल्यासारखं होतं. हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही. हरला तो, बदनाम ती. आमच्या कामात आम्हाला सगळ्यात जड जातं ते हे.

सूक्ष्मकर्ज देणाऱ्या कंपन्या दारात आल्यापासून यात भर पडली आहे. ‘पतीच्या अडचणीसाठी’ म्हणून बाईनं घेतलेल्या कर्जाची पैन् पै तिच्याकडून वसूल होते. २०२४ साली लाडकी बहीण योजना सुरू झाली आणि महिन्याचे दीड हजार रुपये बायकांच्या खात्यावर येऊ लागले, तेव्हा अशा घरांत त्या पैशावर पहिला डोळा कुणाचा गेला असेल, हे सांगायची गरज नाही.

‘त्याचे पैसे, त्याची हौस’

आता एक नेहमीचा सवाल. तो कमावतो, तो लावतो. बायकोनं का बोलावं?

आधी विचारू या, ‘त्याचे’ पैसे म्हणजे कोणाचे? आमच्या भागात उसाचं बिल ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या खात्यावर जमा होतं. बेणं लावलं कुणी, खुरपलं कुणी, रात्रीच्या लाईटीला पाणी दिलं कुणी, गोठा सांभाळला कुणी? बँकेच्या पासबुकात याची नोंद नसते. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं आणि त्यानंतर बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्ती मोहीम निघाली, ती याच अन्यायावर बोट ठेवून. तिच्या घामाचे पैसे त्याच्या नावावर आहेत म्हणून त्याचे होत नाहीत.

द्रौपदीनं भर सभेत हाच प्रश्न विचारला होता. जो स्वतःलाच हरून बसला, त्याला मला पणाला लावायचा अधिकार कुठून आला? भीष्मापासून सगळे गप्प बसले. आजची सभाही तशीच गप्प आहे. मात्र आज आपल्या हातात काही कायदे आहेत आणि ते प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ हवेत.

स्त्रीधन ही बायकोची स्वतःची मालमत्ता आहे. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ सालीच सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आणि २०२४ सालच्या निकालात पुन्हा सांगितलं की त्यावर नवऱ्याची मालकी नाही. अडीअडचणीला वापरलं तरी परत करण्याचं बंधन त्याच्यावर आहे. रेस ही अडीअडचण नव्हे.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही. त्यात आर्थिक छळ हा हिंसेचाच प्रकार मानला आहे. घरखर्च न देणं, घरातल्या वस्तू आणि स्त्रीधन विकणं हे त्यात येतं. दागिने, जमीन, घर विकू नये, बँकेची खाती आणि लॉकर परस्पर वापरू नयेत, असा मनाईचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. ‘मारतो का?’ एवढंच विचारून आपण फॉर्म भरतो. ‘काय काय विकलं?’ हेही विचारू या.

आणि पैजेच्या देण्याबद्दल. १८७२ च्या करार कायद्यानुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. न्यायालयात दावा लावून ते पैसे वसूल करता येत नाहीत. आपल्या राज्यात तर १८६५ च्या जुन्या मुंबई कायद्यामुळे पैजेला जोडून केलेले करारही तसेच रद्दबातल आहेत. म्हणजे बुकीची माणसं दारात उभी राहून ‘वहिनी, एवढं द्यायचंय’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या हातात कायद्याचा एक कागद नसतो. असते ती फक्त दहशत. आणि परवान्याशिवाय सावकारी करणं हा २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. दहशतीला घाबरून मंगळसूत्र काढून देण्याआधी दहाजणींना दारात बोलावून घ्या. एकट्या बाईसमोर आवाज चढवणारी माणसं दहाजणींसमोर हळू बोलतात.

बंदी की हिशेब?

आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, सरळ बंदी मागा. दारूच्या दुकानासाठी आपण आडवी बाटली केली, तसं इथे का नको? त्यांचा राग मला कळतो. पण दुकान गावात असतं, मतदान गावात घेता येतं. रेसकोर्स गावात नाही. आणि मैदान बंद झालं तरी चोरटा बुकी फोनवर राहतोच. मैदान आणि बुकी दोघेही एकमेकांच्या जिवावर जगतात. २०२५ साली केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, ते चांगलं झालं. पण मैदानातला टोट त्या कायद्यानं थांबत नाही.

दुसऱ्या बाजूनं काही मैत्रिणी म्हणतात, मोठ्या माणसांच्या करमणुकीत आपण नीतीचे पहारेकरी का व्हायचं? त्यांनाही उत्तर आहे. मी पाप-पुण्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. मी कपातीबद्दल लिहिते आहे. जो व्यवहार घराच्या तिजोरीतून चालतो, त्याचा हिशेब मागणं म्हणजे पहारा नव्हे, तो घरातल्या माणसाचा हक्क आहे.

शिवाय जमीन आपली आहे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सची सुमारे २११ एकर जमीन ही मुंबई महापालिकेची आणि राज्य सरकारची, म्हणजे जनतेची. तिचा भाडेपट्टा २०१३ साली संपला. २०२४ साली १२० एकर उद्यानासाठी घ्यायची आणि ९१ एकर क्लबकडे ठेवायची असं ठरलं. त्या वेळी झाडांवर, मोकळ्या जागेवर, श्रीमंतांच्या क्लबवर पुष्कळ चर्चा झाली. घोड्यांवर हरलेल्या माणसांच्या बायकांना कुणी बोलावलं नाही. जनतेची जमीन देताना जनतेनं अटी घालाव्यात, यात गैर काय?

तेव्हा आपल्या मागण्या अशा असाव्यात. एक, टोटाच्या प्रत्येक खिडकीवर आणि तिकिटावर ठळक मराठीत छापा: शंभर रुपयांतले किती कापले जातात आणि लावणाऱ्यांना मिळून किती परत मिळतात. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापता येतो, तर इथे का नाही? दोन, घरच्या माणसाच्या अर्जावरून एखाद्याला खिडकीवर प्रवेश नाकारण्याची सोय करा. सिंगापूरमध्ये कुटुंबाच्या अर्जावरून माणसाला कॅसिनोत जायला मनाई करता येते. त्याच सिंगापूरनं २०२४ साली १८० वर्षांहून जुनी घोड्यांची रेस कायमची थांबवली. म्हणजे ही काही आभाळातून पडलेली, न बदलणारी गोष्ट नाही. तीन, रेसवरच्या करातला ठरावीक हिस्सा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या समुपदेशन केंद्रांना आणि संरक्षण अधिकाऱ्यांना द्या. आमच्या घरांतून गेलेला पैसा निदान आमच्या तक्रारी ऐकायला तरी खर्च होऊ दे.

या मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. तोवर गटांनी स्वतःच्या पातळीवर करण्यासारखं बरंच आहे. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी वस्तू डोळ्यांनी पाहायची आणि पैसे थेट दुकानदाराला द्यायचे, हा नियम करा. उसाचं आणि दुधाचं बिल संयुक्त खात्यावर घेण्याचा आग्रह धरा. सातबाऱ्यावर नाव नाही तोवर खात्यावर तरी नाव हवं. दागिन्यांची यादी वजनासकट लिहून, फोटो काढून माहेरी किंवा गटाकडे ठेवा. आणि पुढच्या बैठकीला परात आणि पाव-अर्धा किलो शेंगदाणे आणा.

सहा फेऱ्या झाल्या की डब्यातले दाणे सगळ्यांसमोर ओता आणि मोजा. मग ‘नशीब फुटकं’ म्हणणाऱ्या बाईला विचारा, हे दाणे नशिबानं गेले का? ती स्वतःच उत्तर देईल. ते उत्तर घेऊन आपण मोर्चा काढू, निवेदन देऊ, दारात आलेल्या बुकीला परत पाठवू. तोवर निदान एवढं तरी करू या की आपल्यापैकी एकही बाई यापुढे त्याच्या हरण्याबद्दल स्वतःच्या नशिबाला बोल लावणार नाही.